जिना चढताना त्रास होतो का?

अजिबात नाही. थोडा. जास्त. चढताच येत नाही.

उत्तरं एवढीच. यातलं एक निवडायचं. कंडक्टरबाईंनी पापणीही न लववता पहिलं उचललं.

"अजिबात नाही."

खिडकीपाशी चाललेलं शिलाई मशीन थांबलं. मशीनमागे त्यांची धाकटी बहीण बसली होती. हे धडधडीत खोटं आहे, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटलं, पण बोलायची सोय नव्हती.

(सूचना: निवडलेल्या व्यक्तीऐवजी घरातल्या दुसऱ्या कोणी उत्तर दिलं, तर ते धरू नये.)

आरोग्य पाहणीसाठी आलेल्या मुलीने ही अट दारातच सांगितली होती. घरात माणसं दोन, तिच्या हातातल्या टॅबने त्यातलं एक नाव आपोआप निवडलं, ते थोरलीचं निघालं. "मग मी काय करू?" धाकटीने विचारलं होतं. "शिव," थोरली म्हणाली होती.

आता इथे घराबद्दल सांगायला हवं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तळमजल्यावरच्या औषधवाल्याचं कुटुंब वाढलं होतं आणि तो जागांची अदलाबदल करायला तयार होता. "संध्याकाळपर्यंत काय ते सांगा, नाहीतर मी दुसरीकडे बघतो," असं त्याने सकाळीच बजावलं होतं. धाकटी एका पायावर तयार होती. थोरलीचं मात्र एकच पालुपद: माझे गुडघे ठणठणीत आहेत.

गुडघे कसले ठणठणीत. धावत्या बसमध्ये उभं राहून नोकरी केलेली बाई. निवृत्त होण्याआधीच ते कामातून गेले होते. पण तळमजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागे. आणि धाकटीला हल्ली खिडकीत बसूनही सुई ओवता येत नव्हती. ती अंघोळीला गेली की कंडक्टरबाई गुपचूप चार सुया ओवून ठेवत, मशीनचीही ओवून देत. ओवलेल्या सुया कुठून येतात, असं धाकटीनेही कधी विचारलं नव्हतं. तळमजला म्हणजे तिची शिवण बंद. तेव्हा गुडघे ठणठणीत. विषय संपला.

"आणि ही मोजून चारच उत्तरं कशाला गं?" कंडक्टरबाईंनी विचारलं.

"हेच प्रश्न, अगदी असेच, कितीतरी देशांत विचारतात, मावशी. मी माझ्या पदरचं अक्षर घातलं की सगळं बिघडलं."

"म्हणजे तू तिकिटाचं मशीन."

"तसंच. पगारही तेवढाच." मुलीने पुढचं पान सरकवलं. "आता काही माणसांबद्दल वाचून दाखवते. माणसं खरी नाहीत. कोणाला किती त्रास आहे ते तुम्ही सांगायचं."

"खोट्या माणसांचा खरा त्रास?"

"तुमचं 'थोडा' आणि लांबच्या कुठल्या बाईचं 'थोडा', दोन्ही एकाच मापाचं आहे का, ते यावरून कळतं. माणूस तोच, गोष्ट तीच. मग मोजणाऱ्याची पट्टी कशी आहे ते दिसतं."

हे कंडक्टरबाईंना पटलं. त्या सावरून बसल्या.

एक माणूस आहे. तो लांबपर्यंत आरामात चालतो. धावलं की मात्र त्याला धाप लागते.

"अजिबात नाही. धावायचंच कशाला? मागून दुसरी बस येतेच की."

एक बाई आहे. जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर थांबते. कठडा धरून एकेक पाय वर घेते. घरात आल्यावर तिला बराच वेळ उठवत नाही.

"हातात पिशवी असते तिच्या?"

"माहीत नाही, मावशी."

"वर कोणी आहे का तिचं?"

"एवढंच दिलंय."

"जास्त," कंडक्टरबाई हळहळल्या. "खूपच जास्त. खाली राहायला काय होतं बिचारीला?"

धाकटीने कात्री घेतली आणि नसलेला दोरा कापला.

(सूचना: मत देऊ नये. आश्चर्य दाखवू नये. पुढे वाचावं.)

मुलगी पुढे वाचू लागली. कोणा एकाला झोप लागत नव्हती. कंडक्टरबाईंचं लक्ष तिकडे नव्हतं. एकाच थांब्यावर चढून एकाच थांब्यावर उतरणाऱ्या दोन बायांना त्यांनी सबंध नोकरीत कधी वेगळ्या भाड्याची तिकिटं दिली नव्हती. ओळखीची असो, रडणारी असो. अंतर तेच तर भाडं तेच.

"थांब जरा. माझं मघाचं जिन्याचं उत्तर बदलता येतं?"

"तुम्ही स्वतः म्हणालात तर."

"थोडा आणि जास्त यांच्या मधलं काही?"

"नाही."

"दुसऱ्या देशांत?"

"कुठेच नाही, मावशी."

कंडक्टरबाईंनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मग जास्त कर."

मुलगी गेल्यावर दार लावतानाच धाकटी म्हणाली, "झालं ना? स्वतःच्या तोंडाने म्हणालीस. मी खाली जाऊन पक्कं करून येते."

"बस. अजून एक बाई राहिलीय."

"ती पोरगी गेली, ताई."

"ही माझ्याकडची आहे. ऐक नीट." आणि कंडक्टरबाईंनी मुलीसारखाच सपाट आवाज काढला.

एक बाई आहे. कपडे शिवते. भर उजेडात बसते, तरी तिला सुई ओवता येत नाही. काळ्या कापडावर काळा दोरा असला की ती बोटांनी चाचपून शिवते, आणि गिऱ्हाइकाला सांगते, उद्या या.

धाकटीने मशीनवरचं कापड ओढून घेतलं.

"थोडा," ती म्हणाली.

"एक बाई आहे," कंडक्टरबाईंनी पुन्हा सुरुवात केली.

"बरं, जास्त." तिने कापडाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"सुया आपोआप ओवल्या जातात असं वाटलं तुला?"

"मला वाटलं, सुया तू ओवतेस हे मला कळत नाही असं तुला वाटत असेल."

"कमाल आहे बाई तुझी," कंडक्टरबाई म्हणाल्या. दोघींना थोडं हसू आलं. मग नाही आलं. वर राहिलं तर एकीचे गुडघे, खाली गेलं तर दुसरीचे डोळे. आता दोन्ही समोर पडलं होतं, आणि औषधवाला दार वाजवत होता.

"काय ठरलं?" त्याने उंबऱ्यातूनच विचारलं.

"ताईचे गुडघे गेलेत," धाकटी पटकन म्हणाली.

"आणि हिचे डोळे," थोरली म्हणाली. "अदलाबदल करू. पण ही खिडकी दिवसा हिची. गुडघे हिचे शाबूत आहेत, येईल चढून."

"म्हणजे माझ्या घरात तुमचं मशीन?"

"तुमच्या पोरांचे कपडे फुकट शिवून देईल."

"मी कधी म्हटलं?" धाकटी म्हणाली.

औषधवाल्याने मान खाजवली. "बायकोला विचारावं लागेल."

"चला, मीच विचारते. निरोपात घोळ होतो."

जिना उतरताना धाकटीने कंडक्टरबाईंच्या दंडाला धरलं; एरवी त्यांनी हात झटकला असता. पहिल्याच वळणावर त्या थांबल्या. औषधवाला चार पायऱ्या पुढे गेला होता, तो मागे वळला.

"बसायचंय का?"

"बसते," म्हणून त्या सरळ पायरीवर बसल्या आणि पाय लांब केले. "तुम्हीही बसा. आता मला सांगा, वर राहायला आल्यावर तुमची पोरं दुपारी खिडकीच्या खोलीत झोपतील का? मशीन खडखडतं."