तुलनेसाठी ठेवलेला उंदीर

मित्रांनो, प्रयोगशाळेत उंदीर फार लवकर जुना होतो. मी झालो आहे. मला नाव नाही. कानाला एक खाच आहे. माझ्या भावाच्या कानाला दोन होत्या.

आम्ही एकाच आईचे, एकाच वेतातले. कानाचा तुकडा तपासून संशोधक बाईंनी सांगितले, की माझे जीन शाबूत आहेत आणि भावाकडे आतड्याची जळजळ शमवणारा एक जीन नाही. तसा वाणच त्यांनी मुद्दाम तयार केला होता. भावाला याचे काही वाटले नाही. तो माझ्यापेक्षा धष्टपुष्ट. पाहुणे आले की बाई त्यालाच हातावर घेत. मी तुलनेसाठी होतो. तुलनेच्या उंदराचे कौतुक करायचे कारण नसते.

एकदा पाण्याची बाटली गळून आमचा पिंजरा भिजला. देखभालीचे मामा हळवे. पिंजऱ्यात अंथरलेल्या नव्या भुशात उंदीर भांडतात, म्हणून ते दरवेळी मूठभर जुना भुसा मिसळत. आमचा भिजलेला, म्हणून त्यांनी पलीकडच्या खोलीतला आणला. जंतूंच्या बाबतीत आमची खोली फार चोखंदळ होती; पलीकडची नव्हती.

भावाच्या लेंड्यांत रक्त दिसू लागले. दर वजनाला तो हलका भरे. मी जाड झालो.

"मामा, भुसा कुठला घातलात?"

"पलीकडचा, मूठभर. पण बाई, दुसरा तर मजेत आहे की."

"त्याचा जीन आहे ना जागेवर."

"मग खोट जीनची की भुशाची?"

"दोन्हींची. एकट्याने हे झालं नसतं."

"औषध द्या की मग त्याला."

"औषध दिल्यावर पाहायचं काय, मामा?"

मामांनी दाणे भिजवून, मऊ करून भावासमोर ठेवले. बाईंनी ते पाहिले नाही, म्हणजे पाहिले. भाऊ काही दिवस चाटत होता. मग चाटेनासा झाला, आणि त्याला उचलून नेले. पिंजऱ्यात तेवढी ऊब कमी झाली. मला काही वाटले नाही, असे वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी पोट धरून बसले, तर "काय अरबटचरबट खाल्लंस?" असे लगेच विचारू नका. काही गोष्टी जन्माआधी ठरतात, काही भुशातून येतात. जवळ बसा, म्हणजे झाले.

उद्या माझी पाळी आहे. निरोगी आतडे कसे दिसते, हे बाईंना पाहायचे आहे. नीट पाहावे, एवढीच विनंती.