कुठेतरी पाणी मुरतंय

मी एक जुना लोखंडी साचा आहे, मित्रांनो. दिसायला पक्कडीसारखा. माझ्या पोटात दोन खाचा आहेत. एकीत गोल नाकाची गोळी तयार होते, दुसरीत चपट्या नाकाची. जवळ येणाऱ्या प्रत्येक हाताचा मला संशय येतो. गोळ्यांच्या साच्याकडे कोण कशाला चांगल्या मनाने येईल?

चांदवडजवळच्या मळ्यात कोंडाजींनी मला वापरलं. त्यांच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्वर होतं आणि शिकारीला तेव्हा बंदी नव्हती. ते आधी मला आचेवर चांगला तापवत, मग वितळलेलं शिसं नेहमी चपट्या खाचेतच ओतत. "गोल गोळी आरपार जाती अन् डुक्कर रानात कण्हत मरतं. चपटी जाग्यावर पाडती," असं ते म्हणायचे. बंदी आली तेव्हा त्यांनी रिव्हॉल्वर सरकारजमा केलं. मला मात्र कुणी मागितलंच नाही. मी ट्रंकेत गेलो.

आता वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, त्यांच्या सूनबाई कमळाबाई मला बाहेर काढतात. कोयता, विळा, पहार यांच्याबरोबर मला धुतात, कुंकू लावतात, झेंडू वाहतात. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, अशी या घरची रीत आहे.

यंदा त्यांचा मुलगा सुनील माझ्याभोवती घुटमळू लागला. एरवी त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"आई, आज्याचा साचा अजून चालंल का गं?"

"कशाला?"

"असंच."

असंच! मक्यात रानडुकरं घुसली होती, हे मी ऐकलं होतं. पण घरात रिव्हॉल्वर नाही, तर गोळी कशाला? कुठेतरी पाणी मुरतंय, मी मनाशी म्हटलं.

पूजा आटोपताच त्याने मला फुलांखालून उचललं आणि गोठ्यामागे नेलं. तिथे टॉवेलात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर होतं. कुणाचं, देव जाणे! चुलीवर शिसं वितळत होतं.

"गोल का चपटी?" तो पुटपुटला. "गोलच बरी. आत घुसंल."

त्याने शिशाची पळी उचलली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाणी खरोखरच मुरलं होतं, माझ्याच पोटात! मघाशी मला धुतलं होतं आणि सुनीलने मला तापवलं नव्हतं. ओल्या साच्यात तापलेलं शिसं पडलं की ते तडतडून वर उडतं. सुनीलचं तोंड अगदी माझ्यावर वाकलेलं होतं. इतका वेळ मी त्याच्यावर संशय घेत होतो. आता मला फक्त त्याचे डोळे दिसत होते, आणि मला बोलता येत नव्हतं.

"सुन्या, थांब! वला हाय त्यो!"

मला शोधत आलेल्या कमळाबाईंनी त्याला मागे खेचलं. पळी कलंडली. एक थेंब माझ्या खाचेत पडला, फटकन उडाला आणि मागच्या लाकडी खांबात रुतला. क्षणापूर्वी सुनीलचे डोळे त्याच वाटेत होते.

त्याने कलंडलेली पळी बाजूला ठेवली. "मग मक्याचं काय करू, आई?"

"कुंपण घालू. वनखात्याला बोलावू. मका परत पेरता यील रे. डोळं कुठून आणू? अन् ते टॉवेलातलं आधी घराबाहेर काढ."

मग त्यांनी मला पदराने पुसलं.

मित्रांनो, ट्रंकेपाशी पाऊल वाजलं की मी अजून दचकतो. मला खुशाल पुसा, तेल लावा, कोरडा ठेवा. पण कुणी मला मागितलं आणि 'कशाला' विचारल्यावर 'असंच' म्हणालं, तर देऊ नका.