गळ्यातली मगर

“आई, ही भाषा कुणाच्याच बापाची नाही, म्हणून तर सगळ्यांची,” न्हाणीघराचं दार उघडं टाकून, गालभर फेस घेऊन तो म्हणायचा. स्वयंपाकघरातून लगेच उत्तर जायचं, “आधी दाढी उरक, मग जग जोड.”

गेलेल्या नवऱ्याचा तो आवाज सुनेला आज अगदी कानाशी ऐकू आला. थाप मारायला उचललेला तिचा हात तसाच हवेत राहिला होता. सासूबाईंच्या खोलीला आतून कडी होती. घरी त्या कधी कडी लावत नसत. न्हाणीघरालासुद्धा नुसतं दार लोटून घ्यायच्या. आणि या परक्या वसतिगृहात, लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला, त्या कडी लावून आत बसल्या होत्या आणि काहीतरी गुणगुणत होत्या. तिनं कान लावला.

माझ्या गं खोलीला, खिडकी एक बाई
खिडकीत झाड एक, दुसरं कुणी नाही

सुनेनं घाईनं थाप मारली.

“आई, बरं आहे ना? झोप लागली का? गोळी घेतलीत?”

कडी निघाली. सासूबाई केस मोकळे सोडून उभ्या होत्या. मागे खाट भिंतीपासून ओढून थेट खिडकीपाशी नेलेली दिसली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट सुनेच्या गळ्याकडे रोखलं. सुनेच्या गळ्यात हिरव्या लोकरीची, एक डोळा लोंबकळणारी मगर होती.

“बोनान मातेनोन,” सासूबाई म्हणाल्या. शुभ सकाळ, एवढाच त्याचा अर्थ. आणि दार लोटून घेतलं.

एस्पेरांतो, म्हणजे कुठल्याच देशाची नसलेली, सगळ्या जगासाठी मुद्दाम घडवलेली भाषा. तिच्या या उन्हाळी वर्गाची रीतच तशी होती. सकाळपासून संध्याकाळच्या जेवणापर्यंत आपापली भाषा बोलायची नाही. जो बोलेल त्याच्या गळ्यात मगर, दुसरा कुणी चुकेपर्यंत. एक भाषा बोलणाऱ्यांना एका खोलीत ठेवायचं नाही, एका टेबलावरही बसवायचं नाही. पहिल्या दिवशी हे कळलं तेव्हा सून वसतिगृहाच्या दाराशी, खोल्या वाटणाऱ्यांशी वाद घालायला गेली होती. “त्या एकट्या झोपत नाहीत,” असं तिनं सांगितलं, तेही आपल्याच भाषेत, आणि मगर तिच्या गळ्यात येऊन पडली ती तिथंच मुक्कामाला राहिली. रोज कधी ना कधी तिच्या तोंडून काहीतरी निसटायचंच. शाल घेतलीत का. जपून, पायरी आहे. फार जेवू नका. बाकीचे विद्यार्थी तिला लाडानं मगरवालीच म्हणू लागले.

या वर्गाला खरं तर तो यायचा होता. नाव घातलं होतं, पिशवीसुद्धा आणली होती. तो गेला आणि पिशवी कपाटावर राहिली. यंदा कपडे घडी करता करता सासूबाई म्हणाल्या, “त्याचं राहिलं ते आपण बघून येऊ. निदान कळेल तरी, न्हाणीघरात काय बरळायचा ते.” सासूबाईंचं मन रमेल म्हणून सून तयार झाली. सुनेचं मन रमेल म्हणून सासूबाईंनी विषय काढला होता. दोघींनी एकमेकींना ते सांगितलं नाही.

तो गेल्यापासून दोघी एकाच खोलीत झोपत. पॅसेजमधला दिवा जळता ठेवत. सून दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवायची. मेणात दात बसवायचे, साचा ओतायचा, घासून घासून त्याला माणसाच्या तोंडाचा रंग आणायचा. सासूबाईंची कवळीही तिनंच केली होती आणि तिच्यावर जीव ओतला होता. पण ते दात पुरते कधी दिसले नाहीत. सासूबाई ओठ मिटून हसायच्या. मन झाकायचं असलं की ओठ जरा जास्तच घट्ट मिटायच्या. सुनेला ती खूण पाठ होती.

आणि आता बंदराच्या शहरातल्या मोठ्या लॅबनं तिला बोलावलं होतं. पोर्सेलिनच्या दातांचं नाजूक काम, हाताखाली शिकाऊ मुली, राहायला एक खोली, ती मात्र एकीपुरती. “वर्ग संपला की सांगते,” असं ती लॅबवाल्यांना म्हणाली होती. सांगायचं काय, ते ठरलेलं होतं. ‘नाही’ हा शब्द तिनं मनात साचा घालून ठेवला होता. फक्त ओतायचा बाकी होता. सासूबाईंना तर तिनं फोन आल्याचंही कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर त्या जा म्हणाल्या असत्या, आणि मग दाराशी उभं राहून ओठ मिटून हसल्या असत्या. ते हसू घेऊन कुठं जाता येणार होतं?

वर्गात शिकवायला एक निवृत्त टपालवाला होता. मान लांब, चाल संथ. दोघी आपसात त्याला उंटमास्तर म्हणत. वर्ग संपत आला तसा तो म्हणाला, “आज प्रत्येकानं एक खरं वाक्य सांगायचं. पाठ केलेलं नको. खरं.”

सासूबाईंच्या टेबलावर एक लठ्ठ भट्टीवाला बसायचा. जन्मभर पाव भाजलेला माणूस. तो उठून म्हणाला, की मला पाव आवडत नाही. सगळे हसले. मग सासूबाई उभ्या राहिल्या. या भाषेत ‘मी’ला ‘मी’च म्हणतात, याचं त्यांना पहिल्या दिवसापासून भारी अप्रूप होतं. जन्मात एवढं मी-मी केलं नव्हतं, असं त्या एकदा जेवण झाल्यावर म्हणाल्या होत्या.

“मी दोर्मास सोला,” त्या म्हणाल्या. मी एकटी झोपते.

सुनेनं मान खाली घातली. सोला. एकटी. सकाळचं गाणं तिच्या कानात पुन्हा वाजलं.

“मी दोर्मास बोने,” सासूबाईंनी पुढं जोडलं. मी छान झोपते.

वर्गानं टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी खोटं बोलतायत, सुनेला वाटलं, आणि तिनं खूण पडताळायला वर पाहिलं. पण सासूबाईंचे ओठ मिटलेले नव्हते. तिनं घडवलेल्या दातांची कड उन्हात लकाकली आणि पुन्हा झाकली गेली. सुनेला काही उमजेना. तेवढ्यात तिची पाळी आली.

खरं वाक्य तिच्या जिभेवर होतं. “मी दात करते,” असं ती त्या भाषेत म्हणाली. तेही खरंच होतं. उंटमास्तर खूश झाला. सासूबाई मात्र तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी ज्यानं त्यानं आपल्या चादरी दोरीवरून काढून घड्या घालायच्या होत्या. मागच्या अंगणात दोघींनी एका चादरीची दोन-दोन टोकं धरली. झटकली, दुमडली, एकमेकींकडे चालत आल्या. टोकांना टोकं जुळली तेव्हा सासूबाईंनी चादर सोडली नाही. मोकळ्या हातानं सुनेच्या गळ्यातली मगर काढली आणि स्वतःच्या गळ्यात घातली.

सून गोंधळली. “अहो आई, तुम्ही कशाला? अजून जेवणाची घंटा व्हायचीय.”

“म्हणूनच घातली. फुकटात नाही बोलायचं मला.” त्या कट्ट्यावर बसल्या. “एक विचारते. घरी माझ्याशेजारी झोपतेस ती कशाला?”

“तुम्हाला भीती वाटते ना. तो गेल्यापासून.”

“कोण म्हणालं?”

“तुम्हीच नाही का अंथरूण घेऊन माझ्या खोलीत आलात?”

“तू रडायचीस म्हणून आले. वाटलं, पोर भिते.”

“तेव्हा रडत होते. आता कुठं रडते?”

“मग तो मेला दिवा कशाला जाळतेस?”

“तुमच्यासाठी.”

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “अगं, डोळ्यांवर उजेड आला की मला झोप नाही लागत. लहानपणापासून. तुझ्यापायी पदर तोंडावर घेऊन पडते मी रोज.”

सुनेच्या नाकातून एक हसू फुटलं, आणि सासूबाईही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. या वेळी सगळे दात दिसले. वरची ओळ, खालची ओळ, डाव्या सुळ्याजवळ तिनं मुद्दाम ठेवलेली बारीकशी फटसुद्धा.

“पण परवा ते गाणं,” सून म्हणाली. “दुसरं कुणी नाही, म्हणत होतात. मला कसंसंच झालं.”

“कसंसं काय व्हायचं त्यात? सुखाचं होतं ते.” सासूबाई मगरीचा लोंबता डोळा बोटानं जागी बसवू लागल्या. “माहेरी भावंडांच्या गर्दीत झोपले. सासरी तुझे सासरे घोरायचे. मग हा पोरगा, सारखी दुलई लाथाडणारा. मग तू. इथं पहिल्या दिवशी कडी लावली आणि दाराकडे बघत बसले. वाटलं, आत्ता कुणीतरी हाक मारणार. कुणी मारली नाही. अशी झोपले म्हणून सांगू.”

“आणि सकाळी मी थाप मारायची.”

“रोज. उजाडायच्या आत. वैरीसुद्धा जरा दया करतो गं.”

झाडाखाली दोरीवर उरलेल्या चादरी हलत होत्या. सासूबाईंचा आवाज खाली आला.

“त्या दातवाल्यांचा फोन पहिल्यांदा मीच घेतला होता. तू अंघोळीला गेली होतीस. कामाला बोलावतोय म्हणाले. पुन्हा करा म्हटलं, आणि गप्प बसले. तुला जा कसं म्हणू? लोक म्हणतील, मुलगा गेला आणि हिनं सुनेला वाटेला लावलं. लोकांचं मरो. तुलाच तसं वाटलं असतं तर? म्हणून ओठापर्यंत यायचं आणि मी गिळायची.” त्यांनी श्वास घेतला. “तू नको आहेस असं नाही. तू गेल्यावर आठवण येईल, तो आठवतो तशीच. पण मला एकदा एकटीनं राहून बघायचंय. माझी कडी, माझी खिडकी. वेळ थोडा उरलाय, तेवढ्यात.”

सुनेच्या हातात चादरीची घडी होती. तिनं ती कट्ट्यावर ठेवली, आणि खांद्यावरून काहीतरी खाली उतरल्यासारखी ताठ बसली. स्वयंपाकघरात भांडी वाजू लागली होती. घंटा व्हायला आता फार वेळ नव्हता.

सासूबाईंनी मगर गळ्यातून काढून पुढं धरली.

“घे. तुझ्याकडेही काही असेल तर.”

एवढे दिवस ती मगर तिच्या गळ्यात पडत आली होती. आज तिनं ती दोन्ही हातांनी घेतली, स्वतःच गळ्यात घातली आणि नीट बसवली.

“मला जायचंय, आई.”