कामिनीचा चेपलेला माईक

अमळनेरच्या रुपचंदच्या बँडात कामिनी नऊ वर्षं गायली, आणि त्यानं तिला काढलं ते भर चौकात, दहा लोकांदेखत. "तुना आवाज म्हतारा व्हयी गया, कामिनी. जा घर, भाकरी टाक." त्यानं बिनवायरचा महागाचा माईक आणला होता, गायला कोवळी डिंपल आणली होती. जुना वायरचा माईक त्यानं तिच्या पायाशी फेकला. त्याचं तोंड चेपलं, पण माईक मेला नाही!

मरणार कसा? स्वस्तातली वस्तू, पण हाड चिवट. नऊ वर्षांत तो किती वेळा आपटला, घामानं किती भिजला, त्याचा हिशोब नाही. गुलाल भरला की कामिनी त्याची जाळी काढायची, नळाखाली धुवायची, उन्हात वाळवायची आणि पुन्हा गायची. म्हणून तर खान्देशातला प्रत्येक गाणारा असलाच माईक जवळ ठेवतो. तो माईक घेऊन ती धुळ्याच्या निंबाच्या छोट्या बँडात गेली. रोज रियाजाला बसताना एकच म्हणायची, "रुपचंदले त्याच चौकात खाली मुंडी घालायला लावीन, तवाच गार वाटेल."

श्रावणातल्या सोमवारी अमळनेरात कानबाई देवीचं विसर्जन होतं. निंबाचा बँडही तिथं आला होता. तो आपली कानबाई बोरी नदीवर पोचवून त्याच चौकात परतला, तोच समोरून रुपचंदची मिरवणूक आली. गुलालाचा नुसता धूर! पोरांनी पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या आणि डिंपलचा माईक खरखरला, कुंथला, गप्प झाला. रुपचंदनं फुंकलं, थापटलं, बॅटरी बदलली. काही नाही. कानबाई डोक्यावर घेतलेल्या यशोदाबाई उन्हात थांबल्या. देवी वाटेत टेकवता येत नाही, मुकी नेता येत नाही. बायका कुजबुजू लागल्या.

कामिनीला इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच लाज वाटली, पण थोडीच.

रुपचंद धावत आला. "कामिनी, तुना माईक दे वं. देवी खोळंबनी."

देवीचं नाव घेतल्यावर नाही म्हणता येत नाही. कामिनीनं ते जाणलं, आणि तिला आणखी एक गोष्ट सुचली.

"माईक मना हातमाच राही. मी गासू. तू मांगे वायर धरीसन चाल."

वायर धरणं हे बँडातलं सर्वांत हलकं काम. रुपचंदनं इकडं तिकडं पाहिलं. वायर धरायला पुढं व्हावं असं कुणाला वाटलं नाही. त्यानं तोंडातल्या तोंडात शिवी हासडली, वायरचं एक टोक आपल्या गाडीच्या भोंग्याला जोडलं, उरलेलं वेटोळं खांद्यावर घेतलं.

कामिनीनं असा सूर लावला की मागचे ढोलवाले चेकाळले. मग ती हळूहळू चालली, मध्ये थांबली, मागं वळून पाहिलं, "ताण नको, ढील दे!" असं माईकमधूनच ओरडली. अख्खा चौक हसला.

नदी दहा मिनिटांवर होती. कामिनीनं दीड तास लावला.