निजामपुऱ्यातल्या गच्चीवरची छत्री

मी एक जुनी छत्री आहे. पावसातली नव्हे, टीव्हीची. बडोद्यात निजामपुऱ्यातल्या एका सोसायटीच्या गच्चीवर राहते. अंगावर गंज आहे, पारव्यांची घाण आहे. पण कालची घाण माणसांची आहे. मित्रांनो, तीच सांगणार आहे. नाक मुरडू नका.

एका कारखान्यात पत्रा दाबून मला घडवलं. दामोदरकाकांनी मला आणलं ते विमलकाकूंसाठी. बाहेर दिवसभर गुजराती चाले. संध्याकाळी दिवा लावल्यावर काकूंना मराठी ऐकायला हवं असे. ते मी आकाशातून आणत असे. विषुववृत्तावर, छत्तीस हजार किलोमीटर उंच, एक उपग्रह आहे. तो पृथ्वीच्या बरोबरीने फिरतो, म्हणून आमच्यासाठी कायम एकाच जागी असतो. त्याचे भाऊबंद ढगांवर नजर ठेवतात, वादळाची खबर देतात, वाट चुकलेल्याला रस्ता दाखवतात. माझ्या वाट्याला हा एकच. त्याच्याकडे तोंड करून राहायचं, हेच माझं काम. जराशी हलले तरी चित्र जातं.

वाऱ्याने मी हलले की काका वर येत. मला फिरवत आणि कठड्यावरून ओरडत, "आलं का?"

खालून काकू ओरडत, "नाही... आलं, आलं! अहो, आता हात काढा! गेलं बघा. एक काम धड होत नाही तुमच्याने!"

काका हसत आणि पुन्हा फिरवत.

गेल्या दिवाळीनंतर काकू वारल्या. तरीही काका संध्याकाळी टीव्ही लावत. बघत नसत. घरात कोणीतरी मराठी बोलावं, एवढंच त्यांना हवं होतं.

काल उत्तरायण होतं, म्हणजे इथली संक्रांत; दोन दिवस सगळे गच्चीवर पतंग उडवतात. शेजारच्या केयूरने आणि त्याच्या दोस्तांनी मला वाकवून आभाळाकडे उताणी केलं. माझ्यात उंधियूच्या तेलकट प्लेटा टाकल्या, जिलेबीचा पाक सांडला, वर तंबाखूच्या माव्याची पिचकारी मारली. चांगली शिकलेली मुलं! रात्रभर माझ्या अंगावर मुंग्या होत्या. मला माझीच शिसारी आली.

टीव्ही बंद पडला, म्हणून आज काका वर आले.

"अरे, थुंकायला हीच मिळाली?"

केयूरने पतंगावरची नजरही काढली नाही. "काका, आ डबलुं भंगारमां आपी दो ने! मोबाइलमां बधुं आवे छे." हे डबडं भंगारात देऊन टाका, मोबाइलवर सगळं येतं, असं त्याचं म्हणणं.

"मोबाइलमध्ये थुंकतोस का कधी?" काका म्हणाले. पोरं फिदीफिदी हसली. एकही जागचं हललं नाही.

काकांनी आपल्या टॉवेलने मला पुसलं, उभं केलं, हळूहळू फिरवलं. एका क्षणी उपग्रह अगदी समोर आला. काकांनी सवयीने वाकून विचारलं,

"आलं का?"

आलं होतं. पण खालून कोणी सांगितलं नाही. काका थांबले, आणि आलं नाही असं समजून त्यांनी मला आणखी फिरवलं. गेलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंत उष्टं टाकू नका, थुंकू नका. आणि गच्चीवरून एखादं म्हातारं माणूस "आलं का?" विचारत असेल, तर पतंग ठेवा, खाली जा, बघून सांगा. काका अजून मला धरून उभे आहेत.