कोऱ्या कागदांवरचा शिक्का

लाकडी मुठीचा आणि झिजलेल्या रबराचा असा मी एक जुना शिक्का आहे. मित्रांनो, हल्ली मला कशाचंच फारसं काही वाटत नाही. तरी सांगतो.

शिक्के बनवणाऱ्याने माझ्यावर एका संस्थेचं नाव उलटं कोरलं. संस्था दोन खोल्यांची. आजारी माणसांना लागणाऱ्या खाटा, कुबड्या, चाकांच्या खुर्च्या ती फुकट वापरायला द्यायची. ती चालवायच्या ताई. त्या पूर्वी परिचारिका होत्या. दारातून कुणी रिकाम्या हाताने परत गेलं, तर त्यांना जेवण जात नसे. जागा घरमालक आजोबांची. "काम चालू आहे तोवर जागा तुमचीच," असं ते एकदा म्हणाले आणि त्या एका वाक्यावर वीस वर्षं निघाली. लेखी काही कुणी केलंच नाही.

वस्तू नेणाऱ्याच्या कागदावर ताईंची सही आणि शेजारी मी, एवढंच माझं काम. पण ताईंचा पाय एका जागी ठरत नसे आणि त्यांच्या सहीसाठी लोक ताटकळत. मग त्यांनी युक्ती काढली. दर सोमवारी पन्नास कोऱ्या कागदांवर सह्या करायच्या, मला पटापट उमटवायचं आणि गठ्ठा टेबलावर ठेवून द्यायचा. येणाऱ्याने आपला मजकूर आपणच लिहावा आणि वस्तू न्यावी. सगळे ताईंचं कौतुक करायचे. थोडं माझंही व्हायचं, आणि मी फुशारून जायचो.

एकदा एक निवृत्त वकीलबाई आल्या.

"संस्थेसाठी काही करावं म्हणते. तुमचे कागदपत्र बघू का?"

ताई हसल्या. "अहो, आपण कुणाचं वाईट करत नाही. आपल्याला वकील कशाला? त्यापेक्षा या कुबड्यांना खाली रबर बसवून द्या ना."

वकीलबाईंनी दिवसभर रबरं बसवली. जाताना त्या म्हणाल्या, "ताई, तेवढा तो गठ्ठा कुलपात ठेवा हो."

"हो हो," म्हणत ताईंनी चहाचा कप त्याच गठ्ठ्यावर ठेवला.

पुढे आजोबा वारले आणि जागा त्यांच्या पुतण्याच्या नावावर झाली. एकदा तो सासूसाठी वॉकर न्यायला आला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ताई लांबूनच म्हणाल्या, "घे रे कागद, तूच लिही. तू काय परका आहेस?" त्याने एका कागदावर लिहिलं आणि दुसरा घडी करून खिशात घातला. मी ते पाहिलं. मला ओरडता येत नाही.

महिन्याभराने पुतण्याने तो दुसरा कागद ताईंसमोर ठेवला. 'ही जागा आम्ही राजीखुशीने सोडत आहोत,' असं त्यावर लिहिलं होतं. ताई धावत वकीलबाईंकडे गेल्या. मी त्यांच्या पर्समध्ये होतो.

"सही तुमचीच?"

"माझीच."

"आणि शिक्का?"

"आमचाच."

वकीलबाईंनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "लढू आपण. पण सोपं नाही." निकाल लागेपर्यंत दोन्ही खोल्या बंद ठेवा, असं कोर्टाने सांगितलं. आत एकतीस खाटा राहिल्या.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली. तिच्या आईच्या पाठीला जमिनीवर झोपून झोपून जखमा झाल्या होत्या. खिडकीच्या काचेतून तिला खाटा दिसल्या.

"ताई, एवढ्या आहेत की! एक द्या ना."

"आहेत गं," ताई म्हणाल्या. "देता येत नाहीत."

आता मी पुरावा म्हणून वकीलबाईंच्या कपाटात, एका पाकिटात असतो. माझी शाई वाळली आहे. लाज वाटायला हवी, पण तीही वाटेनाशी झाली. मित्रांनो, मोठेपणी तुम्ही एखादं चांगलं काम काढाल. त्या वेळी पहिल्याच दिवशी एखाद्या वकिलाला बोलवा आणि त्याचं ऐका. कोऱ्या कागदाला मला हात लावू देऊ नका. ताई परवा इथे येऊन सांगत होत्या, त्या मुलीची आई अजून जमिनीवरच निजते.