शिवणीत दडलेले वजन

देवाने माणूस घडवताना पोट पुढच्या बाजूला ठेवले, ही त्याची दया. मागे ठेवले असते तर ज्याचे त्याला कधी कळलेच नसते. पण पुढे असूनही दिसू नये, असे भाग्य एखाद्यालाच लाभते. आमच्या घड्याळजींना ते लाभले होते, आणि ते ज्या दिवशी संपले तिथूनच ही गोष्ट सुरू होते.

गावाच्या मध्यभागी मनोरा आणि मनोऱ्यात मोठे घड्याळ. त्याला किल्ली बाहेरच्या बाजूने देता येई. पण वर्षातून एकदा चक्रे पुसून तेल घालायला यंत्राच्या खोलीत शिरावे लागे. त्या खोलीला दार नव्हते. भिंतीत एक लोखंडी चौकट होती, तिच्यातूनच जायचे. आधी घड्याळजींचे वडील जात, मग घड्याळजी जाऊ लागले. या वर्षी मात्र डोके गेले, खांदे गेले, आणि पोटासकट बाकीची मंडळी बाहेरच राहिली.

"ओढा," घड्याळजी आतून म्हणाले.

"कुठून?" चौकीदाराने विचारले. प्रश्न रास्त होता. बाहेर जे काही उरले होते त्याला धरायला जागाच नव्हती.

तेवढ्यात पालिकेचे साहेब धापा टाकत जिना चढून आले. समोरच्या अर्ध्या घड्याळजींकडे त्यांनी जरा वेळ पाहिले.

"घड्याळजी, आत आहात की बाहेर?"

"मध्ये आहे, साहेब."

दोघांनी मिळून त्यांना सोडवले. साहेब स्वभावाने वाईट नव्हते. घड्याळजींच्या शर्टावरची गंजाची भुकटी झटकत ते म्हणाले, "हे बघा, विजेवरचं घड्याळ बसवायचं कधीचं चाललंय. त्याला तेल नको, किल्ली नको, माणूस नको. मीच आजवर थांबवून धरलं. उन्हाळा संपला की कंपनीचा माणूस माप घ्यायला येईल. तोवर तुम्ही आत शिरून हे साफ केलंत तर जुनंच चालू ठेवू. नाही जमलं तर हे उतरवून भंगारात टाकतील. मग माझ्या हातात काही नाही."

घड्याळजी मान खाली घालून जिना उतरले. या घड्याळाच्या टोल्यांवर त्यांचे बालपण गेले होते, लग्न ठरले होते, वडिलांनी शेवटचा श्वास घेतला तेव्हाही तेच वाजत होते. ते भंगारात जायचे, आणि कशामुळे, तर रोज पावावर घेतलेल्या लोण्यामुळे?

घरी आले ते तडक आरशासमोर उभे राहिले. बायको मशीनवर कुणाचा तरी झगा शिवत होती. तिला सगळी गल्ली टेलरबाई म्हणे. बाजूलाच घड्याळजींची मोठी बहीण, म्हणजे आक्का, बटणे निवडत बसली होती. पन्नाशी उलटलेल्या भावाला ती अजून बाळ म्हणे.

"मला एक सांगा," घड्याळजी म्हणाले, "मी जाड झालोय का?"

मशीन थांबले. दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

"नाही हो," टेलरबाई म्हणाली.

"मी पण तेच म्हणतोय. लग्नाच्या वेळची ही पँट अजून बरोबर बसते. चौकटच आकसली असेल. लोखंड आकसतं थंडीत."

आक्काने हातातले बटण डब्यात टाकले. "अरे बाळ, तू वाढत नाहीस, तुझी पँट वाढते. बायकोला विचार जरा."

टेलरबाई लाजली. मग हळूहळू सगळे बाहेर आले. नवऱ्याची पँट आवळायला लागली, की पुढच्या धुण्याला ती गुपचूप शिवण उसवून बोटभर सैल करी. शिवणीत जागा उरली नाही तेव्हा मागे त्याच रंगाची पट्टी जोडली. मग त्या पट्टीला आणखी एक पट्टी.

"काय करणार? जेवताना तुमचा चेहरा बघवत नव्हता," ती म्हणाली. "सारखं बटणाशी झटापट. आणि माझ्या घरातला माणूस घट्ट कपड्यात फिरला तर गिऱ्हाईक काय म्हणेल?"

घड्याळजींना राग आला, पण कशावर काढावा ते कळेना. ज्या हातांनी लोणी वाढले त्याच हातांनी शिवण सैल केली होती. माया दोन्हीकडून सारखीच. शेवटी ते म्हणाले, "यापुढे माझी पँट उसवायची नाही. शपथ घे."

"कुणाची घेऊ?"

"मशीनची."

टेलरबाईने मशीनवर हात ठेवून शपथ घेतली. शिवण कधीही उसवणार नाही. आक्का साक्षीला होती.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळे विचारून घेतले. घड्याळजींची उत्तरे इतकी सात्त्विक होती, की डॉक्टरीणबाईंनी दोनदा चष्मा पुसला. सकाळी पाव, दुपारी साधे जेवण, चार वाजता चहा आणि दोन बिस्किटे, रात्री पुन्हा साधे जेवण.

"मग हे आलं कुठून?" त्यांनी पोटाकडे बोट केले.

"तेच विचारायला आलोय."

जेवण थोडे कमी, भाज्या जास्त, साखर बंद, रोज चालणे, आणि घरी वजनाचा काटा आणून दर आठवड्याला वजन बघायचे, असे त्यांनी सांगितले. घड्याळजींनी काटा आणला. पण जे यंत्र उघडून पाहिले नाही त्यावर विश्वास ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्याच संध्याकाळी त्यांनी तो उघडला. आतली स्प्रिंग जरा सुधारली. तेव्हापासून तो काटा आक्काचे आणि तिच्या मांजराचे वजन एकच दाखवू लागला.

"राहू दे," घड्याळजी म्हणाले. "मला काट्याची गरज नाही. पँट सैल झाली की समजेन."

बिस्किटांचे कोडे आक्काने सोडवले. तिच्या गजराच्या घड्याळाला नवी काच बसवायची होती, म्हणून ती एका दुपारी भावाच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसली. चार वाजले. घड्याळजींनी चहा घेतला आणि दोन बिस्किटे खाल्ली. थोड्या वेळाने पलीकडच्या भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. हात पुन्हा डब्याकडे गेला. मग कोपऱ्यातल्या उंच घड्याळात, मग काउंटरवरच्या पक्ष्याच्या घड्याळात. दुरुस्तीला आलेली घड्याळे ती. कुणी पुढे, कुणी मागे. त्या दुकानात चार वाजायला पाऊण तास लागे, आणि घड्याळजी डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून, प्रत्येक चारला प्रामाणिकपणे दोनच बिस्किटे खात.

"बाळ," आक्का म्हणाली, "किती वेळा चार वाजले रे?"

"एकदाच वाजतात, आक्का. रोज."

"मी मोजत होते."

घड्याळजींनी भिंग काढले आणि डब्यात पाहिले. डबा संन्यस्त झाला होता.

त्या दिवसापासून एक सोडून सगळ्या घड्याळांचे टोले बंद झाले. ज्याचे ऐकायचे ते एकच ठेवावे, हे संसारातही खरे आणि परमार्थातही. भुकेचा टोला कोणता आणि सवयीचा कोणता, हे कळायला माणसाला जन्म पुरत नाही. घड्याळजींना दोन आठवडे पुरले. डब्यात बिस्किटांच्या जागी काकडीचे तुकडे आले. पहिल्या दिवशी काकडी खाताना त्यांचा चेहरा असा होता, की गिऱ्हाइकाने आपणहून विचारले, "घरी सगळे बरे आहेत ना?"

दुकानात ते पूर्वी शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून जात. आता चालत जाऊ लागले. दुपारचे जेवण लहान ताटलीत आले. टेलरबाईने लोण्याचे भांडे फळीच्या सगळ्यात वर ठेवले. मग घड्याळजींची उंची आठवून आक्काच्या घरी ठेवले.

"तुझं लोणी सुखात आहे हो," आक्का रोज निरोप द्यायची. "काल थोडं पावाबरोबर फिरून आलं."

असे महिने गेले. जिना चढताना दम लागेनासा झाला. वाकून बुटाची नाडी बांधताना पूर्वी देव आठवे, आता नुसती नाडी आठवू लागली. रस्त्यात लोक म्हणत, "घड्याळजी, उतरलात हो." पण घड्याळजी दर रविवारी पँट चढवून आरशासमोर उभे राहत, आणि पँट जशीच्या तशी बसे. बोटभरही सैल नाही.

"लोक उगाच म्हणतात," ते बायकोला सांगत. "दया येत असेल माझी. मापाला कुठं दया असते?"

टेलरबाई मान खाली घालून काज करत राही.

कंपनीचा माणूस येणार होता त्या सकाळी घड्याळजींनी पँट घातली, नेहमीसारखेच घट्ट बटण लावले आणि पलंगावर बसून राहिले. आक्का लोण्याचा निरोप घेऊन आली होती. तो न देताच ती दारात थांबली.

"मी साहेबांना सांगून येतो," घड्याळजी म्हणाले. "घेऊन जा म्हणतो ते घड्याळ. एवढी काकडी खाल्ली, एवढं चाललो, आणि आहे तिथंच आहे. सगळ्यांसमोर पुन्हा अडकायची ताकद नाही माझ्यात. वडिलांनी आयुष्यभर जपलं ते माझ्या हातून चाललंय, हे निदान उभ्यानं तरी सांगतो."

टेलरबाईच्या हातातली सुई थांबली.

"अहो," ती म्हणाली, "एक सांगायचं राहिलंय."

"आता काय?"

"मी शपथ मोडलेली नाही. मशीनवर हात ठेवून सांगते, एकही शिवण उसवली नाही."

"मग?"

"आवळली."

घड्याळजींनी खाली पँटकडे पाहिले.

"अहो, ढगळ दिसत होतं," ती घाईघाईने म्हणाली. "मागून नुसती पिशवी. समोरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, टेलरबाईंच्या घरातच माप चुकतं वाटतं. मला राहवेना. धुण्याला आली की बोटभर आत घ्यायचे. शपथ उसवायची होती, आवळायची कुठं होती?"

"आणि मी दर रविवारी रडत होतो ते?"

"मला वाटलं, माझ्या साध्या जेवणामुळं रडताय."

आक्का तोंडाला पदर लावून खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलत होते.

घड्याळजी उठले. आत जाऊन पँट बदलून आले आणि ती बायकोसमोर ठेवली. "उसव."

"शपथ?"

"सोडवली. सगळी उसव. मला बघायचंय."

तिने पँट उलटी केली. आत दोन्ही बाजूंना दुमडलेल्या कापडाचा जाड काठ दिसला, एकावर एक घेतलेल्या टिपांचा. घड्याळजींनी त्यावरून अंगठा फिरवला. महिनोन्महिन्यांची उपाशी दुपार तिथे नीट शिवून ठेवली होती. टेलरबाईने ब्लेडने टिपा सोडल्या. घड्याळजींनी पँट पुन्हा घातली आणि हात सोडला. पँट खाली आली. दुसऱ्यांदा वर ओढली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दामच सोडली, पाहायला बरे वाटत होते म्हणून.

"आता द्या इकडे, नीट करून देते," टेलरबाई म्हणाली.

"वेळ कुठं आहे?"

जुन्या पट्ट्याला तेवढ्या आतले भोकच नव्हते. शेवटी तिने गळ्यातली मोजायची टेप काढली, नवऱ्याच्या कमरेभोवती गुंडाळली आणि गाठ मारली. तसेच तिघे मनोऱ्याकडे निघाले. घड्याळजी पुढे, एका हातात तेलाची कुपी, दुसऱ्या हाताने पँट धरलेली.

वर साहेब, चौकीदार आणि कंपनीचा माणूस उभे होते. कंपनीच्या माणसाने टेपकडे पाहिले आणि आपली टेप खिशात ठेवली. माप घ्यायला आधीच कुणीतरी आलेले दिसत होते.

"ओढायला थांबू का?" चौकीदाराने आपलेपणाने विचारले.

घड्याळजींनी तेलाची कुपी आधी आत सरकवली. मनात देवाचे नाव घेतले, वडिलांचे घेतले, आणि चौकटीत डोके घातले. डोके गेले. खांदे गेले. टेलरबाईने डोळे मिटले. पोट चौकटीपाशी आले, आणि काही न बोलता आत गेले, जसे आपल्याच घरी जावे. मग कंबर, मग पाय.

पँट मात्र गेली नाही. चौकटीच्या खिळ्यात टेपची गाठ अडकली, आणि ढगळ पँट आपल्या मालकाला सोडून बाहेरच लोंबत राहिली.



"घड्याळजी," साहेबांनी विचारले, "आत आहात की बाहेर?"

"मी आत," आतून आवाज आला. "बाकीचं तुम्हीच बघा."

साहेब हसू आवरत कंपनीच्या माणसाकडे वळले. "तुम्हाला उगाच जिना चढवला. हे घड्याळ काही उतरत नाही." आणि त्याला घेऊन खाली गेले.

टेलरबाईने पँट खिळ्यातून सोडवली, पायरीवर बसली आणि पदराला खोचलेली सुई काढली. "माप कसं घेऊ? टेपच्या गाठीएवढंच ठेवू की आणखी आत घेऊ?"

"आहे तेवढंच," आतून उत्तर आले. "ना उसवायचं, ना आवळायचं. यापुढं मला खरं दिसू दे."

"आणि लोणी?" आक्काने विचारले.

"त्याला नमस्कार सांग."

दुपार कलेपर्यंत आत चक्रे चमकू लागली होती. घड्याळजी अर्ध्या चड्डीवर, मांडी घालून, दात्यादात्यातली काजळी पुसत होते. चारचा पहिला टोला पडला तेव्हा सगळी भिंत गहिवरली. मनोऱ्यावर काम करताना चारची बिस्किटे पूर्वी खिशात असत; त्यांचा हात सवयीने तिकडे गेला.

खिसा पँटबरोबर बाहेर होता. घड्याळजी हसले आणि उरलेले टोले नुसते ऐकत बसले.